वेगळा पंचा

‘डोळे आले’ असे आपण म्हणतो, जणू पाहुणेच आले. शेजारच्या कन्नड घरात ‘कण्णु बेने’ म्हणतात, म्हणजे सरळ डोळ्याचे दुखणे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ही साथ पसरली, तेव्हा शब्द वेगळे असले तरी समज मात्र एकच होता: डोळे आलेल्याकडे पाहिले की आपलेही येतात. हे खरे नव्हे. संसर्ग नजरेतून जात नाही. तो बोटांतून, पंचातून, उशीच्या अभ्र्यातून जातो. आपण मात्र उलटेच वागतो. आजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नाही, आणि दोरीवरच्या त्याच्याच पंचाला तोंड पुसतो.

साथीचे डोळे बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत बरे होतात. त्याहून लांबले तर दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून थेंब आणून घालण्यापेक्षा डॉक्टरकडे जावे. त्यांत स्टेरॉइड असले तर एखाद्या डोळ्याचे कायमचे नुकसान होते. पण चिवटपणात खुपऱ्यांची सर कुणाला नाही. लहानपणी पुन्हापुन्हा होणाऱ्या या संसर्गाने वरच्या पापणीला आतून व्रण पडत जातात, पुढे पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासू लागतात. अंधत्व येते ते बऱ्याच वर्षांनी. हा रोग आपल्यापेक्षा राजस्थान, गुजरात, पंजाबच्या कोरड्या मुलखात अधिक. १९६३ साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून तो संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०२४ मध्ये. एकसष्ट वर्षे!

या रोगाने पुरुषांपेक्षा बायका अधिक आंधळ्या झाल्या. कारण साधे आहे. चिपडलेल्या डोळ्यांचे पोर त्यांच्या मांडीवर असते. ज्या पदराने त्याचे डोळे पुसायचे त्याच पदराने आपले. मायेच्याच वाटेने रोग आला, म्हणून मायेला दोष द्यायचा का? मला तसे वाटत नाही. पण मग ‘पंचा वेगळा ठेवा’ हे सांगणे अवघड होऊन बसते.

कारण ‘वेगळे ठेवा’ हा शब्द आपल्या समाजात निरागस नाही. वेगळा पेला, वेगळी कपबशी, वेगळा पाणवठा यांचा इतिहास आपल्याकडे आहे, आणि ज्यांनी तो भोगला त्यांना डॉक्टरांचा सल्लाही त्याच आवाजात ऐकू आला तर नवल नाही. सावधगिरी कुठली आणि अपमान कुठला, हे ओळखायचे कसे? मला दोन खुणा दिसतात. रोगापायी केलेल्या वेगळेपणाला मुदत असते. डोळा बरा झाला की ते संपते. विटाळाला मुदत नव्हती. दुसरी खूण घरातच सापडते. सुनेचे डोळे आले की तिचा पंचा लगेच खुंटीवरून उतरतो. सासऱ्यांचे आले तर ‘थोडी लाली आहे’ एवढ्यावर भागते, आणि त्यांचा पंचा आपल्या जागीच राहतो. त्यांना सांगायचे कुणी? नियम एकालाच लागू झाला की औषधासारखा नियमही अपमान होतो. सगळ्यांचेच पंचे आधीपासून वेगळे असतील तर प्रश्नच मिटतो.

पण त्याला पाणी हवे. बीदरजवळ नौबादला पंधराव्या शतकातला बहमनी काळचा कारेज आहे; लोक त्याला सुरंगबावी म्हणतात. जांभ्या दगडात खोदलेला बोगदा, वर हवा-उजेडासाठी ठिकठिकाणी खोल झरोके, आणि मोट न लावता नुसत्या उतारावर वाहत जाणारे भूजल. पाणी माणसांपर्यंत नेणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे, हे तेव्हाच्यांना कळत होते. चेहरा धुणे हा खुपऱ्यांवरचा एक अधिकृत उपाय आहे; पण ज्या वस्तीत चार दिवसांनी टँकर येतो तिथे स्वच्छतेवर भाषण देणाऱ्याने आधी रिकामी घागर पाहावी. सहा माणसांचे सहा पंचे रोज धुवायचे, तर ते पाणी बहुतेक घरांत तीच सून भरते.