बिऱ्हाड हलविताना

तानसा नदीकाठची अकलोलीची गरम पाण्याची कुंडे ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यात भिवंडीचे यंत्रमाग आहेत. तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून आलेली कित्येक कुटुंबे त्या मागांवर जगली. आज आपल्यातलेच कोणी विचारतात, ‘‘येथे भाडे परवडत नाही, गुजरातेत, वापीला बिऱ्हाड हलवावे का?’’

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ ह्या विश्वपत्रात बऱ्या जीवनासाठी मायभूमी सोडण्याचा माणसाचा हक्क मान्य केला, तशीच त्यातली हानीही दाखविली. तेव्हा स्थलांतर हे पाप नव्हे; परंतु तो निव्वळ जमाखर्चही नव्हे. भाडे वाचते ते कमावत्याचे. शाळा सुटते ती मुलांची. शेजार आणि मराठी मिस्सा सुटते ती आजीची. म्हणून ज्याचे सर्वाधिक सुटणार, त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

संत योसेफाने मिसरची वाट धरली ती बालकाच्या प्राणासाठी, घरातल्या सर्वांत दुबळ्यासाठी. दुबळ्याचे भले होत असेल, तर निःशंक मनाने निघावे. सारी किंमत त्यालाच मोजावी लागणार असेल, तर लहान खोलीत राहणे अधिक न्याय्य होय.