छताचा कठडा



गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोघांचे बोलणे कानावर पडले. एका कुटुंबाची बदनामी करणारा मजकूर मोबाईलवर फिरला होता आणि तो खोटा निघाला होता. एक जण म्हणाला, “मी काही लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले.” दुसरा म्हणाला, “दोष त्या कंपनीचा. असले काही पसरू देतातच कशाला?” दोघेही मोकळे झाले. बदनामी मात्र त्या कुटुंबाच्या दारात तशीच राहिली.

मग दोष नेमका कुणाचा?

१ जुलै २०१८ हाही रविवारच होता. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात पसरली होती. जमावाने त्या पाचही निरपराध माणसांना मारहाण करून ठार केले. त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत तर मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली होती. मूल परत आणून सोडतात तो तिचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

मारणारे हात जमावाचे होते, यात शंका नाही. पण कंपनीचे काय? अशा कंपन्या म्हणतात, आम्ही केवळ पोस्टमन. पाकीट फोडून वाचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश कंपनीला वाचता येत नाहीत, हे खरे आहे. परंतु पोस्टमन एका पाकिटाच्या शंभर प्रती काढून शंभर घरांत टाकत नाही. ती सोय कुणीतरी विचारपूर्वक बांधलेली असते.

अनुवादाच्या पुस्तकात, २२व्या अध्यायात, एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा. नाहीतर वरून कुणी पडला तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. घरमालकाने कुणाला ढकललेले नसते. तरीही तो जबाबदार, कारण धोका त्याला आधी दिसायला हवा होता.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे कठडा बांधणे शक्य होते. तो माणसे पडल्यावर बांधला गेला.

मग प्रत्येक शब्दासाठी कंपनीला शिक्षा करावी काय? तसे केले तर ती भीतीपोटी खऱ्या तक्रारीही पुसून टाकील, आणि पहिला आवाज बंद होईल तो गरिबाचा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबाबत कंपनीला काही अटींवर संरक्षण देते. मजकूर काढण्याबाबत न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना मिळूनही ती स्वस्थ बसली, तर ते संरक्षण जाते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लावला. लाखो तक्रारींत खरे-खोटे ठरवण्याचे काम कंपनीवर सोपवू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण घराची बांधणी कशी असावी, हा प्रश्न वेगळा आहे. तो विचारण्यासाठी कुणाचेही तोंड बंद करावे लागत नाही.

आता आपल्याकडे वळू या. कठडा नसणे हा मालकाचा दोष; पण म्हणून ढकलणारा निर्दोष ठरत नाही. जबाबदारी ही भाकरीसारखी नसते, की एकाने जास्त घेतली म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला कमी आली. कंपनीचा वाटा पूर्ण, आणि माझाही पूर्ण.

चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, असे आपण मानतो. चोरलेल्या अब्रूचेही तसेच आहे. ज्या ग्रुपवर खोटे पाठवले, त्याच ग्रुपवर लिहावे, “ते खोटे होते, माझी चूक झाली.” आणि मग त्या कुटुंबाच्या दारात जावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू