देखरेखीचे मोल

मागच्या पावसाळ्यात एका बांधकाम कंपनीची इंग्रजी कागदपत्रे मराठी आणि हिंदीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात सुपरवायझरच्या नेमणुकीची दोन पत्रे होती. पुण्याच्या साइटचे मराठीत करायचे, भिलाईचे हिंदीत. कामांची यादी दोन्हींत सारखीच: हजेरी घेणे, माल मोजून घेणे, हेल्मेट आणि सेफ्टी बेल्टवर लक्ष ठेवणे, संध्याकाळी रिपोर्ट देणे. मराठीत मी ‘पर्यवेक्षक’ लिहिले. हिंदीतही ‘पर्यवेक्षक’च झाले. भाषा बदलली तरी शब्द तोच राहिला, पगाराचा आकडा तेवढा बदलला. भिलाईचा कमी होता. स्मृतिनगरातल्या माझ्या टेबलाशी बसून मी स्वतःच्या गावाची ही किंमत वाचत होते.

यात बेकायदा काही नाही. सरकारही हेच करते. केंद्राच्या किमान वेतनाच्या यादीत गावांचे अ, ब, क असे वर्ग आहेत. मुंबई, पुणे आणि नागपूर अ वर्गात, दुर्ग-भिलाई ब वर्गात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्याची वर्गवारी वेगळी: तिच्यात पुणे वरच्या वर्गात, तर नागपूर आणि दुर्ग-भिलाई एकाच पायरीवर. म्हणजे नागपूर एका वहीत पुण्याच्या बरोबरीचे, दुसऱ्या वहीत आमच्या. कारण सांगितले जाते ते राहणीच्या खर्चाचे, आणि ते खोटे नाही. माझ्या भाड्यात पुण्यात एक खोली मिळणार नाही. पण औषधाच्या पाकिटावरची छापील किंमत देशभर एकच असते, आणि लॅपटॉप भिलाईत स्वस्त मिळत नाही.

गाव बदलले की पगार बदललाच पाहिजे, असेही नाही. याच भिलाईत पोलाद कारखान्याच्या कायम कामगाराची मूळ वेतनश्रेणी राष्ट्रीय पातळीवरच्या संयुक्त समितीत ठरते. भिलाई, राउरकेला, बोकारो, सगळीकडे एकच. आणि याच भिलाईत खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी मागणाऱ्या शंकर गुहा नियोगींचा 28 सप्टेंबर 1991 रोजी खून झाला. पगाराचा प्रश्न इथे कधीच नुसता हिशेबाचा नव्हता.

दुसरे कारण अनुभवाचे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या केंद्रीय दरांत बांधकामावरच्या अकुशल मजुराला अ वर्गाच्या शहरात दिवसाला 783 रुपये होते. त्याच्यावर देखरेख करणारा अर्धकुशलांच्या रकान्यात मोडतो: 868. देखरेखीचे मोल 85 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर त्याचे 22,568 होतात. आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे देखरेखीचे काम करणारा 18,000 च्या वर मिळवू लागला की तो ‘कामगार’ उरत नाही. 85 रुपयांसाठी तो मजुरांतून उठतो, आणि मालकांत त्याला कोणी बसवत नाही.

ही दोन कारणे एकाच पत्रात शेजारी बसतात, पण ती एका कुळातली नाहीत. गावाचे कारण गरजेचे आहे: तुला जगायला कमी लागते, म्हणून कमी. अनुभवाचे कारण लायकीचे आहे: तुला काम जास्त येते, म्हणून जास्त. गरज हाच निकष असेल, तर आईच्या डायलिसिसचा खर्च उचलणाऱ्या नवशिक्याला जास्त द्यायला हवे. लायकी हाच निकष असेल, तर गाव विचारायचे कारण नाही. देणारा मात्र दोन्ही जवळ बाळगतो आणि ज्या वेळी जे स्वस्त पडेल ते पुढे करतो.

हे मला इतके नीट कळते, कारण मी तेच केले होते.

हिंदीचा कच्चा मसुदा मी राजनांदगावच्या एका मुलीकडून करून घेतला होता. मराठी घरातल्या, पण हिंदीत लिहिणाऱ्या मुक्तिबोधांच्या शेवटच्या वर्षांचे ते गाव. मला शब्दाला दोन रुपये मिळत होते. ओळखीच्या मुंबईच्या अनुवादिकेला अशाच कामाचे तीन मिळाले होते, आणि त्याचा मला राग होता. त्या मुलीला मी नव्वद पैसे देत होते. तिने एकदा फोनवर विचारले होते, “ताई, कमी आहेत ते गावामुळे, की मी नवीन आहे म्हणून?” मी म्हटले, “दोन्ही.” ती गप्प बसली. भिलाईचे ते पत्रही तिनेच हिंदीत केले होते.

मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याची गोष्ट आहे: सकाळपासून राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना सारखीच मजुरी. रस्किनने तिच्यातून आपल्या पुस्तकाचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव घेतले. 1908 मध्ये गांधीजींनी त्याचा गुजरातीत सार उतरवला तेव्हा नाव ठेवले ‘सर्वोदय’. ‘या शेवटच्यालाही’चे ‘सर्वांचा उदय’ झाले. हे भाषांतर मी वर्षानुवर्षे वाखाणत आले. पण मालकाच्या सांगण्यावरून मजुरी वाटणारा एक कारभारीही त्या गोष्टीत आहे, याकडे माझे लक्ष आता गेले. त्याला स्वतःला काय मिळत होते, ते गोष्ट सांगत नाही.

सगळ्यांना सारखेच द्यावे, असे मला अजूनही म्हणवत नाही. एवढेच वाटते की फरक करायचा तर कारण एकच सांगावे, ते समोरच्याच्या तोंडावर सांगावे, आणि पुढे ते आपल्याला महाग पडले तरी सोडू नये. मी तिला फोन केला. गावाचे कारण मागे घेतले. शब्दाला दीड रुपया तिचा, पन्नास पैसे माझ्या तपासणीचे. तिच्या चुका कमी होतील तसे माझे पैसे कमी होतील. ती एवढेच म्हणाली, “हे लिहून द्याल का, ताई?”

लिहून दिले. कंपनीकडे तीन रुपये मागणारे पत्र मात्र अजून माझ्याकडून लिहून झालेले नाही.