रिकामी जमीन

झाड लावणे ही नेकीच, असे आपण धरून चालतो. पण नेकीलाही जागा पाहावी लागते. केरळ-तमिळनाडूतील सह्याद्रीच्या उंच माथ्यांवर, गवताच्या आधाराने नीलगिरी ताहर ही रानशेळी जगते. इंग्रजांनी त्या कुरणांना पडीक ठरवले. तिथे ऑस्ट्रेलियातून आणलेली वॅटल आणि निलगिरीची झाडे लावली. स्वातंत्र्यानंतरही लागवड चालूच राहिली. डोंगर झाडांनी भरले, ताहरचा चारा मात्र आटला. एरविकुलमचे गवत राखले गेले, १९७५ मध्ये ते अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, म्हणून तिथे ती टिकली.

आपल्या उपयोगाची नसलेली जमीन रिकामी, हे ठरवणारे आपण कोण? चांगल्या हेतूने काढून घेतला, तरी तो दुसऱ्याच्या तोंडचा घासच. नेकी करण्याआधी एवढे विचारावे : इथे आधीपासून कोण राहते?