पहिला बाण कोणाचा?

बुलढाण्याच्या एखाद्या कचेरीत साहेब दोन कारकुनांना सारखेच टाकून बोलतो. एक ते विसरतो, दुसऱ्याची झोप उडते. म्हणून दुसरा दुबळा काय?

सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाण सांगितले: पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यापायी केलेल्या शोकाचा. अपमानालाही हे लागू आहे. दुसरा बाण आपण उपटावा. पण त्याने पहिला मारणारा निर्दोष ठरत नाही.

1917 साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांकडे फायली फेकीत. राहायलाही जागा मिळेना, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांच्या पाणी पिण्यास काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. तेथे ते शिकवीत राहिले. माणूस तोच, परिस्थिती निराळी. सोडणे हा पळपुटेपणा नव्हता, राहणे ही लाचारी नव्हती.

खचलेल्या सहकाऱ्याला ‘सहन कर’ म्हणण्यापूर्वी विचारा, पहिला बाण कोणी मारला?