ऐकून घेणे आणि ऐकणे

साहित्य संमेलनाच्या मांडवात दिवसभर बसून लेखकांना ऐकणे हा मराठी माणसाचा जुना छंद आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेव्हापासूनचा. अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, रात्री उशिरापर्यंत लांबणारे कविसंमेलन! इतके शब्द कानांवर पडल्यावर ऐकणाऱ्याकडे काही देणे उरते काय, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

पहिले देणे ऐकून घेण्याचे. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. भाषण व्हायचे होते. निकाल आधीच लागला होता.

पण ऐकून घेतले म्हणजे ऐकले असे नव्हे. मुलगा आईचे ऐकतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे कान शाबूत आहेत एवढेच आपल्याला सांगायचे नसते. लॅटिन भाषेतही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्या क्रियापदापासूनच आला आहे. आता लेखक म्हणजे काही आई नव्हे, आणि त्याचा शब्द म्हणजे आज्ञा नव्हे. एकाच परिसंवादात तीन वक्ते तीन दिशांना तोंडे करून बोलतात, ऐकायचे कोणाचे? बहुतेक श्रोते मग सर्वांना सारख्याच टाळ्या देतात आणि पुस्तकांच्या दालनाकडे वळतात. (रविवारच्या प्रवचनाचेही पुष्कळदा असेच होते, ते असो.)

१९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनात ही सोय राहिली नाही. देशात आणीबाणी होती. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, तर दुर्गा भागवत अध्यक्षा. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी उभे राहून प्रार्थना करण्याचे आवाहन सभेला केले. सरकारने ज्यांना कैदेत टाकले होते, त्यांच्यासाठी! त्या क्षणी उठावे की बसून राहावे, हे प्रत्येक श्रोत्याला स्वतःच ठरवावे लागले. टाळी गर्दीत लपते, उभे राहणे लपत नाही. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. तिथे नुसते बसून राहणे हेदेखील एक उत्तरच ठरले असते, असे आम्हांस वाटते.

आणि ज्यांचा आवाज त्या मांडवात पोहोचतच नाही, त्यांचे काय? १८८५ साली दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले. त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांना शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांची चाड नाही, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. त्या सभेत कोणी काय भाषणे केली, हे आज फारसे कोणास ठाऊक नाही. न आलेल्या माणसाचे पत्र मात्र अजून वाचले जाते.