पांढरी बट आणि काळा खिजाब

रमजान ईदनंतरचा तिसरा दिवस होता. हर्णेच्या आमच्या घरातील पाहुण्यांची वर्दळ ओसरली होती आणि पुरुषमंडळी दुपारच्या मासळी लिलावासाठी बंदरावर गेली होती. दापोलीला कॉलेजात शिकणारी माझी भाची एक खोके घेऊन पडवीत आली. त्यात ब्लीचची पावडर, डेव्हलपरची बाटली, टोनरची ट्यूब आणि रबरी हातमोजे होते. कपाळावरची एक बट धरून ती म्हणाली, "खाला, एवढी एकच बट पांढरी करायची आहे. मेंदी चालते, तर हेही चालेल ना? तू वाचतेस, तूच सांग."

माझ्याआधी अम्मीच बोलल्या. "अल्लाहने काळेभोर केस दिलेत, ते हाताने म्हातारे कशाला करतेस?" आमची थोरली बहीण, आपा, बाजूलाच बसून उरलेल्या शेवया डब्यात भरत होती. ती काहीच बोलली नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मला रात्री उशिरा कळला. त्याआधी भाचीच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते.

प्रथम ही गोष्ट घडते कशी ते पाहू, कारण वस्तुस्थिती न जाणता दिलेला निर्णय न्यायाचा नसतो. काळ्या केसावर पांढरा रंग चढवता येत नाही. आतला काळा रंग आधी काढावा लागतो. ब्लीचच्या पावडरीतील परसल्फेट आणि डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड केसात शिरून त्याचे रंगद्रव्य मोडतात. केस आधी तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी फिकट पिवळा होतो. जांभळ्या छटेचा टोनर त्या पिवळेपणाला झाकतो, तेव्हा कुठे तो पांढरा दिसतो. आपल्याकडच्या काळ्या केसांवर हे बहुधा एका बैठकीत साधत नाही, आणि साधायचेच म्हणून बारा टक्क्यांचा डेव्हलपर टाळूला लावला तर कातडी भाजते, केस रबरासारखा ताणून तुटतो. काही आठवड्यांत टोनर उतरतो, पिवळेपणा परत येतो आणि मुळाशी महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर काळा केस पुन्हा उगवतो. म्हणजे हे एकदाचे काम नव्हे, दर महिन्याचे ओझे आहे.

आपल्या घरांतील मुलींनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. शुद्ध मेंदीच्या पानांचा रंग ब्लीचने सहज निघत नाही, केस नारिंगीवरच अडतो. पण 'मेंदी' म्हणून पुडीतून मिळणाऱ्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडले तर केस जागच्या जागी तापून जळू शकतात. मी भाचीला विचारले, शाबानमध्ये चुलत बहिणीच्या लग्नात केसांना काय लावले होते? "काळी मेंदी," ती म्हणाली. पुडी कोणती होती, ते तिला आठवत नव्हते.

आता शरीअतकडे वळू. केस रंगवणे ही मुळात निषिद्ध गोष्ट नाही. मक्का विजयाच्या दिवशी, हिजरी सन 8 मध्ये, हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वयोवृद्ध वडील अबू कुहाफा यांना पैगंबर (स.) यांच्यासमोर आणले गेले. त्यांचे डोके आणि दाढी एखाद्या शुभ्र फुलांच्या झुडपासारखी पांढरी होती. हा रंग बदला, मात्र काळा टाळा, अशा आशयाचा आदेश पैगंबर (स.) यांनी दिल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. मेंदी आणि कतम या वनस्पतींची त्यांनी प्रशंसा केल्याचे अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवले आहे. काळ्या खिजाबाविषयी उलेमांचे एकमत नाही. काही सहाबांनी तो लावल्याच्या नोंदी आहेत. परंतु आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मताचे, आणि त्या मताचे थोर इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी काळा खिजाब पुरुषांसाठी व स्त्रियांसाठीही हराम हेच मत योग्य ठरवले आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

मग काळ्याचा पांढरा करणे? अम्मींचा आक्षेप अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्याचा होता. गोंदणे आणि सौंदर्यासाठी दात कानसून फटी पाडणे यांचा निषेध करणारी हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. परंतु फुकहांनी या निषेधाची मर्यादा चर्चिली आहे. शरीरात कायमचा बदल आणि उतरून जाणारा शृंगार यांत अनेकांनी भेद केला आहे, अन्यथा मेंदी आणि सुरमाही त्यात ओढले गेले असते. डोक्याचा काही भाग भादरून काही ठेवण्याची जी मनाई आहे, ती एका बटेच्या रंगाला लावणे मला ओढाताण वाटते. टोनरचा केसावर थर बसत नाही, म्हणून वुजू आणि गुस्लमध्ये पाणी अडण्याचा प्रश्नही उरत नाही.

तरी या विषयावर आपल्या ग्रंथांत थेट काहीच नाही असे मला वाटत होते, आणि मी चुकत होते. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांच्या 'इह्या'मध्ये दाढीसंबंधीच्या अप्रिय गोष्टींच्या यादीत काळ्या खिजाबापाठोपाठ हीच गोष्ट येते: गंधकाचा प्रयोग करून केस पांढरे करणे! इमाम नववी यांनीही ती नोंद पुढे नेली आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही काळे केस पांढरे करणारे लोक होते, आणि तेही तरुण. त्यांचा हेतू काय होता, हे गझाली नेमके सांगतात. वय जास्त दिसावे, लोकांनी आदर करावा, साक्ष मानली जावी, थोर गुरूंकडून हदीस ऐकल्याचा दावा खरा वाटावा. दिवस वाढल्याने मोठेपण येते हा भ्रम असल्याचे सांगून ते म्हणतात की अज्ञानी माणसाचे वय वाढते तसे त्याचे अज्ञानच वाढत जाते. तेथेच त्यांनी काजी यह्या बिन अक्सम यांचा किस्सा दिला आहे. एकविसाव्या वर्षी ते काजी झाले, तेव्हा त्यांना लाजवण्यासाठी कोणीतरी वय विचारले. त्यांनी उत्तर दिले की पैगंबर (स.) यांनी अत्ताब बिन असीद (रजि.) यांना मक्केचे शासक नेमले, तेव्हा त्यांचे जे वय होते तेच माझे. त्यांना दाढीला गंधक लावण्याची गरज पडली नाही.

या नोंदीत मला उत्तराची किल्ली दिसली. गझाली यांना खुपतो तो पांढरा रंग नव्हे, त्या रंगाने सांगितलेले खोटे. पांढऱ्या केसांच्या मुसलमानाचा सन्मान करणे हा अल्लाहच्या गौरवाचा भाग आहे, अशी हदीस अबू दाऊद यांनी दिली आहे. जो सन्मान आयुष्य झिजवून मिळतो, तो गंधकाने चोरणे ही लबाडी होय. आता भाचीकडे पाहा. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या कपाळावरची एक पांढरी बट पाहून कोणी तिला वृद्ध समजणार नाही, की तिची साक्ष जास्त मानणार नाही. तो शृंगार आहे आणि पाहणाऱ्याला तो शृंगारच दिसतो. तिथे फसवणूक नाही. उरतात ते इजा, उधळपट्टी आणि कोणाला दाखवण्यासाठी हे चालले आहे असे तीन प्रश्न. तिसऱ्याचे उत्तर तिने स्वतःशी द्यावे, घरात आणि मैत्रिणींत केस मोकळे सोडणे वेगळे आणि बाजारात वेगळे, हे तिला ठाऊक आहे. म्हणून मी तिला सांगितले की माझ्या समजुतीप्रमाणे हे हराम नाही. ज्याला फतवा हवा असेल त्याने आलिमांकडे जावे. मात्र काळ्या मेंदीचे केस पूर्ण वाढून कापले जाईपर्यंत हे खोके उघडायचे नाही, कारण जाणूनबुजून स्वतःला इजा करण्याची मुभा कोणीही देणार नाही. अम्मी नाराज झाल्या, पण हो म्हणाल्या.

विषय इथे संपला असता. पण रात्री भांडी आवरताना आपाने मला विचारले, "त्या पोरीला तू एवढी किताबे उघडून दिलीस. माझ्या वेळी कोणी उघडली होती का?"

आपाच्या कपाळावर जन्मापासून एक पांढरी बट आहे. अशा माणसाच्या त्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशी जन्मतःच नसतात. हा दोष वंशपरंपरेने येऊ शकतो. तो संसर्गाने लागत नाही. शाळेत मुली तिला 'इंदिरा गांधी' म्हणत, कारण त्या काळी प्रत्येक वर्तमानपत्रातील छायाचित्रात तो पांढरा पट्टा असे. पंतप्रधानांना तो रुबाबदार दिसे. आमच्या बहिणीला मात्र पाहायला येणाऱ्या बायका विचारत, "कोड तर नाही ना?" कोड असते तरी ते संसर्गजन्य नसते, पण आपल्याकडे कोड आणि कुष्ठरोग यांची सरमिसळ करणारे लोक आजही आहेत. दोन स्थळे परत गेली. तिसऱ्या वेळी अम्मींनी ती बट काळी केली. खिजाबाची पुडी दापोलीहून मी आणली होती. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, पण आज माझ्या वयाची सबब मला पुरत नाही.

वर इमाम नववी यांचे मत दिले, ते त्या दिवशी आमच्या घरात कोणाला आठवले नाही. काळा रंग लावणे आणि तोही लपवण्यासाठी, या दोन गोष्टी एकत्र आल्या, तरी कोणी मसला विचारला नाही. 'इह्या'मध्येच हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग आहे. एका पुरुषाने काळा खिजाब लावून निकाह केला; रंग उतरल्यावर मुलीच्या घरच्यांनी तक्रार नेली, तेव्हा हजरत उमर यांनी तो निकाह मोडून त्याला शिक्षा केली. आमच्या बाबतीत तसे काही झाले नाही. काही महिन्यांनी मुळाशी पांढरे दिसू लागले तेव्हा दुलाभाई एवढेच म्हणाले की आधी सांगितले असते तरी मी हो म्हणालो असतो. ते ऐकून आपा रडली होती. पण सासरी चार लोकांत दिसायला नको म्हणून रंग चालूच राहिला. पंधरा दिवसांनी एकदा, अशी तीस वर्षांहून अधिक वर्षे. हल्ली रंग लावल्यावर तिचे कपाळ सुजते, खाज सुटते. काळ्या डायमधील पीपीडी नावाच्या रसायनाची अशी ॲलर्जी होते आणि एकदा जडली की ती जात नाही. रंग बंद करा, असे डॉक्टरांनी सांगूनही तिने केला नव्हता.

घरातल्या घरात आम्ही दोन मापे वापरली. हौसेने पांढरी होऊ पाहणाऱ्या बटेला आम्ही जाइज-नाजाइजच्या दारात उभे केले, आणि अल्लाहनेच पांढरी घडवलेली बट काळी करताना निर्मितीतील फेरफाराचा प्रश्न कोणाच्या जिभेवर आला नाही. 'म्हातारे कशाला करतेस' म्हणणाऱ्या अम्मींना मी दोष देत नाही. मुलीच्या निकाहाची चिंता आईला काय काय करायला लावते, हे मला ठाऊक आहे. दोष असेल तर ज्या डोळ्यांच्या भीतीने त्यांनी ते केले, त्या डोळ्यांचा आहे, आणि त्यांत आमचेही होते. पुढे माझ्या मुलासाठी मुली पाहताना मीही एकीच्या मानेवरच्या डागाविषयी चौकशी केली होती. ते मला त्या रात्री आठवले.

भाचीला हे सारे नव्याने कळले. तिने आपल्या मोठ्या खालाची बट कधी पांढरी पाहिलीच नव्हती. सकाळी ती आपाजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "म्हणजे मला जी विकत आणावी लागते, ती तुझ्याकडे होतीच?" आपा हसली की नाही, मला सांगता येणार नाही, ती चूल पाहत होती.

त्यानंतर दोन महिने आपाने रंग लावलेला नाही. परवा असरच्या वुजूसाठी ती विहिरीवर आली तेव्हा मी पाहिले. मसह करताना तिने ओला हात कपाळाच्या केसांवरूनच फिरवला. मुळाशी दोन बोटे पांढरे होते आणि त्याखाली जुना काळा रंग तांबूस पडत चालला होता.